वॉटरप्रूफ बूट, तरी मोजे ओले: गोव्याच्या पावसात दोष नेमका कुठे शोधायचा

मिरग लागला की सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानात भटकणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी ठरलेली असते. वॉटरप्रूफ म्हणून बूट घेतले, त्यासाठी चांगले पैसे मोजले, आणि तांबडी सुर्ल्याला किंवा नेत्रावळीला पहिल्याच फेरीत मोजे पिळून पाणी काढावं लागलं. दुकानात घेऊन गेलं तर दुकानदार बूट उलटासुलटा करून बघतो, कुठे फाटलेला नाही म्हणतो आणि परत हातात देतो. गिऱ्हाईकाला वाटतं आपल्याला फसवलं, दुकानदाराला वाटतं हा उगाच भांडतोय. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. बूट गळत नसतो, आणि मोजे खरोखरच भिजलेले असतात.

बुटात पाणी यायला तीन वाटा आहेत. पहिली वरून, घोट्याच्या कडेवरून. दुसरी आतून, म्हणजे पायाचा घाम. तिसरी आरपार, म्हणजे बूट खरंच कुठेतरी फुटलेला. माझ्या पाहण्यातल्या भिजलेल्या बुटांत पहिल्या दोन वाटांनी आलेलं पाणीच जास्त असतं. लोक मात्र उपाय करतात तो तिसऱ्या वाटेवर: मेण फासतात, शिवणीत गोंद भरतात, टाके मारून घेतात. त्याने मोजे कोरडे होत नाहीत, उलट धडधाकट बूट बिघडतो. म्हणून आधी वाट ओळखा, मग हात लावा.

मोजे धुण्याआधी नीट बघा

निदानासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे पांढरे मोजे. आपली माती जांभ्याची, तांबडी. तिच्यातले लोहाचे कण इतके बारीक असतात की पाण्याबरोबर कापडातूनही आत शिरतात आणि पांढऱ्या मोज्यावर तांबूस डाग ठेवून जातात. घामाला असा डाग नसतो. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी अर्धं काम होतं.

घरी आल्यावर मोजे सरळ बादलीत टाकू नका. पायातून काढून उजेडात पसरा. घोट्याशी तांबडं कडं दिसतंय, खाली टाचेकडे ते फिकट होत गेलंय, मोज्याच्या टाचेत वाळूचे कण आणि कुजक्या पानांचे तुकडे अडकलेत, तर पाणी वरून आलं. मोजा सगळीकडे सारखाच दमट आहे, तळव्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात जास्त, पण रंग पांढराच, तर तो घाम. आणि बाकीचा मोजा बरा असून चवड्याच्या एका बाजूला, चालताना बूट जिथे दुमडतो नेमक्या तिथे, अंगठ्याएवढा तांबडा ठिपका उमटलाय, तर बूट तिथे फुटलेला आहे. नव्या तपकिरी चामड्याचा रंगही कधीकधी मोज्याला लागतो, पण तो बहुधा टाच, घोटा अशा घासणाऱ्या जागी पसरट लागतो, एका ठिपक्यात नाही.

शंका राहिलीच तर टबाची परीक्षा करा. आतला तळवा, म्हणजे इनसोल, काढून ठेवा. बुटात वर्तमानपत्राचे कोरडे बोळे टोकापर्यंत भरा. बूट तरंगू नये म्हणून वर पाण्याने भरलेली बाटली खोचा. टबात पाणी घ्या, पण किती, हे महत्त्वाचं. बुटाची जीभ दोन्ही बाजूंना जिथवर शिवलेली असते तिच्या दोन बोटं खाली पाणी राहायला हवं. त्याच्यावर पाणी गेलं तर कोणताही बूट भरणारच. मग अर्धा तास ठेवा, आणि अधूनमधून चवड्याचा भाग हाताने दुमडा. बारीक चीर नुसत्या उभ्या बुटात मिटलेली असते, दुमडल्यावरच उघडते, आणि दुकानातल्या परीक्षेत ती सुटते ती याचमुळे. नंतर बोळे एकेक करून काढा. कागद कोरडे निघाले तर बूट गळत नाही. एखादाच बोळा भिजला असेल तर तो कुठल्या जागचा होता ते लगेच बुटावर खुणेने लिहून ठेवा.

काही जण उलटं करतात: बुटात पाणी भरून बाहेर कुठे पाझरतं ते बघतात. जुलैत हे करू नका. अस्तर आणि बाहेरचं कापड यांच्यामध्ये गेलेलं पाणी आपल्या दमट हवेत दिवसचे दिवस निघत नाही, आणि तेवढ्यात आत बुरशी धरते.

वरून आलेलं पाणी

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाटाच्या पायथ्याशी वाळपईच्या पट्ट्यात त्याहून बराच जास्त. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रानातली प्रत्येक वाट कुठे ना कुठे व्हाळ ओलांडते. घोट्याएवढा उंच बूट आणि पोटरीएवढं पाणी, हे गणित कोणत्याही कंपनीला सुटलेलं नाही.

पण व्हाळात न उतरताही पाणी वरून येतं, आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. उघड्या पोटरीवरचा पाऊस ओघळून मोज्यात उतरतो. मोजा बुटाच्या वर तीन-चार बोटं आलेला असेल तर तो पाणी शोषून खाली पोचवत राहतो, अगदी बुटावर थेंब न पडता. पँट बुटात खोचली असेल तर तीच पन्हळ होते. पावसातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, गुडघाभर गवत असतं, त्यातून तासभर चाललं की पायावर घागरभर पाणी घातल्यासारखं होतं.

उपाय साधे आहेत. भरपावसात पँट बुटाच्या बाहेर ठेवा आणि ती लवकर वाळणाऱ्या कापडाची असू द्या, जीन्स नको. त्यावर गेटर, म्हणजे घोटा आणि पोटरी झाकणारं वॉटरप्रूफ वेष्टण बांधा. ते बुटाच्या कडेवर नीट बसलं पाहिजे, पुढचा आकडा नाडीत अडकलेला पाहिजे. तळव्याखालून जाणारा त्याचा पट्टा जांभ्याच्या खरबरीत दगडावर लवकर झिजतो, म्हणून बदलता येणारा पट्टा असलेलंच गेटर घ्या. जळवांसाठी जे घट्ट विणीचे मोजे मिळतात ते जळवा थोपवतात, पाणी नाही. दोन्हींत गल्लत करू नका.

एकदा पाणी बुटात शिरलं की वॉटरप्रूफपणा उलटा वैरी होतो. बुटाच्या अस्तरामागचे पाणी अडवणारे जे पडदे बाहेरचं पाणी आत येऊ देत नाहीत तेच आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. अशा वेळी "चालता चालता वाळेल" म्हणून पुढे जाऊ नका. व्हाळाच्या काठावर बसा, बूट उतरवून पालथे करा, इनसोल काढून पिळा, आतून सुती पंचाने टिपा, मोजे पिळून घाला. पाच-सात मिनिटं जातात, पण पुढचा सबंध दिवस फोडांशिवाय जातो. जिथे व्हाळ ओलांडायचाच आहे आणि पाणी शांत, उथळ आहे तिथे बूट काढून पाठीवर बांधावेत आणि पट्ट्याच्या सँडलमध्ये पार व्हावं. अनवाणी मात्र नको, पाण्याखाली फुटक्या बाटल्या असतात. आणि पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ आणि ओढीचं असेल तर बुटांचा विचार सोडा, माघारी फिरा. २०२३च्या जुलैत बुडण्याच्या घटना घडल्यावर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. अशी बंदी चालू आहे का, हे निघण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्यावं.

घाम, आणि हवेने दिलेला दगा

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. दोन्ही पायांच्या तळव्यांत मिळून सुमारे अडीच लाख घामग्रंथी असतात. चढावर हा घाम भरपूर येतो. बूटवाले सांगतात की आतला पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, वाफ बाहेर सोडतो आणि पाणी अडवतो. हे खोटं नाही. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणलं आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं तयार झाली. गोर-टेक्सचा पडदा त्यातून आला. छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी.

पण वाफ आपणहून बाहेर जात नाही, तिला दाब ढकलतो. बुटाच्या आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती निघते. आकडे बघा. पायाची कातडी चढावर साधारण ३४ अंशांवर असते, तिथे भिजट हवेतल्या वाफेचा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल. बाहेर जुलैतली आपली हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे सुमारे ३.४. ढकलायला उरले जेमतेम १.९. हाच बूट हिमाचलात ५ अंशांच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत नेलात तर बाहेरचा दाब अर्ध्या किलोपास्कलएवढाच असतो. तिथे पाय थोडा गार धरला तरी ढकलणारा फरक साडेतीनच्या पुढे जातो, जवळजवळ दुप्पट. बूट तोच, पडदा तोच. मनालीला कोरडा राहणारा पाय मोलेत भिजतो, कारण हवाच घाम घ्यायला तयार नसते.

त्यात भर पडते बाहेरच्या कापडाची. नव्या बुटाच्या कापडावर पाणी सरकून पडावं म्हणून लेप दिलेला असतो. चिखल, घासणी आणि धुण्याने तो उतरतो. मग कापड पाणी पितं, काळपट दिसतं, जड होतं. पडदा अजून शाबूत असतो, पाणी आत येतही नाही, पण कापडाची भिजलेली चादर वाफेची वाट बंद करते आणि घाम आतच साठतो. माणूस शपथेवर सांगतो की बूट गळतोय. ओळखायची रीत: कोरड्या बुटावर नळाचं पाणी शिंपडा. थेंब गोल राहून ओघळले तर लेप जिवंत आहे. डाग धरून पसरले तर लेप गेला.

लेप परत देता येतो, आणि हे काम घरी होतं. बूट आधी धुवावा लागतो. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण इथे नको. साबण नीट निघाला नाही की कापडात राहून पाणी ओढून घेतो, आणि लेप असला तरी तो निकामी करतो. साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर एवढं पुरतं. नाडी काढा, जीभ बाहेर ओढा, तिच्या दोन्ही कडांच्या घडीत बोट घालून साठलेली तांबडी माती धुऊन काढा. बहुतेक जण नेमकी हीच जागा विसरतात. मग लेपाचं द्रव्य लावा. पाण्यात बनवलेलं असेल तर ते ओल्या बुटावरच लावायचं असतं, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. कापड आणि रखरखीत चामड्याला फवारा चालतो, गुळगुळीत चामड्याला पातळ मेणाचा हात. पडदा असलेल्या बुटावर जाड मेण थापू नका, वाफेची उरलीसुरली वाट बंद होते. जुने लेप फ्लोरिनच्या रसायनांचे असत आणि फार टिकत. ती रसायनं निसर्गात विरत नाहीत म्हणून आता बऱ्याच कंपन्यांनी सोडली, ते चांगलंच झालं. नवे लेप मात्र लवकर उतरतात, त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि चवथीच्या सुमारास एकदा लेप देणं हा नेम ठेवावा.

मोज्यांचं थोडक्यात: सुती मोजे पावसात नकोत. ते पाणी धरून बसतात आणि ओल्या कातडीला घासतात. लोकर किंवा नायलॉन-पॉलिएस्टरची मिश्र वीण बरी. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा जोड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, जेवायला बसलं की बूट काढा, पाय पुसा, मोजे बदला.

खरंच फुटलेला बूट

टबात कागद भिजला तर बूट फुटलाय. बहुतेक वेळा जागा चवड्याच्या घडीची असते. तिथे चिखल सुकतो, त्यातली बारीक वाळू दुमडीत राहते आणि दर पावलाला पडदा आतून-बाहेरून घासला जातो. दुसरी जागा टाच. अस्तर फाटून आतला फोम दिसू लागला की त्याच्या मागचा पडदा फार दिवस टिकत नाही. वाढलेली नखं टोकाकडचं अस्तर फाडतात. करवंदीचा काटा कापडातून सरळ आत जाऊ शकतो.

एक स्पष्ट सांगतो: फुटलेला पडदा घरी दुरुस्त होत नाही. बाहेरून लावलेलं रबर सोल्यूशन चिरेवर बसतं, पण पाणी कापडातून आडवं सरकून फुटलेली जागा गाठतंच. बूट हमीच्या मुदतीत असेल तर टबाच्या परीक्षेचे फोटो काढा, भिजलेला कागद आणि बुटावरची खूण दिसेल असे, आणि बिलासकट दुकानात द्या. फोटो आणि जागा दाखवली की बोलणं मुद्द्यावर येतं. मुदत संपली असेल तर तो बूट साधा बूट म्हणून कोरड्या दिवसांत वापरा, अजून वर्षानुवर्षं चालेल.

आणि मोच्याकडे देताना सांभाळा. तळ सुटू लागला की तो चहूबाजूंनी जाड सुईने टाके मारून देतो. साध्या बुटाला हे काम उत्तम, त्याच्या हाताला तोड नाही. पण वॉटरप्रूफ बुटात आत पडद्याचा अख्खा मोजाच असतो, आणि तळातून वर येणारा प्रत्येक टाका त्याला भोक पाडतो. त्याला आधीच सांगा, टाका नको, खरवडून, साफ करून, चिकटवून दाबून ठेव.

न वापरता सुटलेला तळ

हे दुखणं गोव्यात फार, आणि माणसाला चकवणारं. बूट दोन-तीन वर्षं कपाटात होते, जवळजवळ नवे. उत्तराखंडच्या ट्रेकला नेले आणि दुसऱ्या दिवशी तळ जबड्यासारखा उघडला, किंवा मधला थर खडूसारखा भुगा होऊन पडला. लोक म्हणतात, वापरलेही नव्हते! न वापरणं हेच कारण आहे.

बुटाच्या तळात बाहेरचं रबर आणि पायाखालचा भाग यांच्यामध्ये मऊ थर असतो. तो दोन जातींचा असतो, पॉलियुरेथेन किंवा ईव्हीए. पॉलियुरेथेन टिकाऊ, पाठीवर ओझं असताना पायाला आधार देणारं, म्हणून जड ट्रेकिंग बुटांत ते वापरतात. पण हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. ऊब आणि दमटपणा असला की हे वेगाने होतं, आणि आपल्या घरातल्या बंद कपाटात दोन्ही बारा महिने असतात. चालताना थर दाबला-सुटला की आत मुरलेली ओल थोडीथोडी बाहेर पडते, म्हणून नेहमी वापरातला बूट जास्त टिकतो. ईव्हीएला हा रोग होत नाही, ते दबून चपटं होतं एवढंच. जोडणारा गोंदही बहुधा पॉलियुरेथेनचाच असतो, त्यामुळे थर शाबूत असूनही तळ सुटू शकतो.

मोठ्या ट्रेकच्या महिनाभर आधी बूट बाहेर काढा. मधल्या थरावर अंगठ्याचं नख जोरात रोवा. खळगा पडून परत वर आला तर ठीक. नख रुतलेलं तसंच राहिलं, पृष्ठभाग चिकट लागला किंवा कडेला केसाएवढ्या भेगा दिसल्या तर तो बूट डोंगरावर नेऊ नका. मग तळ दोन्ही हातांनी ओढून बघा आणि घरच्या पायऱ्यांवर पाठीवर वजन घेऊन आठवडाभर चढउतार करा. सुटायचं असेल तर घरी सुटू दे. वाटेत सुटलाच तर जाड चिकटपट्टी चवड्याभोवती गुंडाळून वर नाडी आवळली की गावापर्यंत पोचता येतं. प्लास्टिकच्या केबल टायही चालतात, त्यांची गाठ बाजूला घ्या, तळाखाली नको, दगडावर घसरते.

वाळवणं आणि बुरशी

पावसाळ्यात बूट वाळवणं ही रोजची लढाई आहे, आणि ती उन्हाने जिंकता येत नाही कारण ऊनच नसतं. म्हणून घाईघाईने लोक बूट चुलीशेजारी, गॅसजवळ किंवा बंद मोटारीच्या काचेमागे ठेवतात. तिन्ही वाईट. चामडं कडक होऊन तडकतं, गोंद मऊ होतो. हवा फिरवा, उष्णता नको. चिखल धुवा, नाड्या सैल करा, इनसोल वेगळा उभा ठेवा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पहिल्या रात्री दोन-तीनदा बदला. एकदाच भरून सकाळपर्यंत ठेवलेले ओले बोळे उलट ओल धरून ठेवतात. मग बूट टेबल फॅनसमोर, तोंड पंख्याकडे करून, आडवा.

पांढरी-हिरवी बुरशी धरलीच तर आधी बूट घराबाहेर, गॅलरीत न्या. घरात झटकलात तर बीजाणू कपाटभर होतात. तोंडाला फडकं बांधा, कोरड्या ब्रशने झाडा, मग व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन कापडाने पुसा, आतूनही. पूर्ण वाळल्यावरच चामड्याला मेण. बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवू नका, कापडी पिशवीत किंवा उघड्या फळीवर ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आपल्या जुन्या घरांत कपाटात छोटा पिवळा बल्ब लावून ठेवायची रीत होती ती याचसाठी, आणि ती शास्त्राला धरून आहे: हवा जराशी तापली की तिची आर्द्रता उतरते. एलईडी दिव्याने ते काम होत नाही.

दोन घरगुती उपायांपासून लांब राहा. खोबरेल तेल आपल्या हाताशी असतं म्हणून चामड्यावर चोळलं जातं. चामडं त्या दिवशी झकास दिसतं, मग मऊ पडून आकार सोडतं, तेल खवट होतं आणि बुरशीला खाणं मिळतं. दुसरा उपाय जळवांसाठी बुटाला मीठ लावण्याचा. मीठ हवेतलं पाणी ओढतं, शिवणीत बसतं, चामडं कडक करतं आणि नाडीचे धातूचे आकडे गंजवतं. जळवांसाठी तंबाखूचं पाणी मोज्यावर लावा, बुटावर नको. किनाऱ्यावरून चालून आलात तरी बूट गोड्या पाण्याने धुवायलाच हवा, कारण तेच.

मग घ्यायचा कोणता

तुमची भटकंती मुख्यत्वे गोव्यातली आणि पावसातली असेल, तर पडद्याचा उंच बूट घेऊ नका, असंच मी सांगेन. जाळीदार, पाणी आत येईल आणि दहा पावलांत बाहेरही जाईल असा हलका ट्रेकिंग बूट घ्या. पाय भिजणारच आहे हे धरून चाला आणि लवकर वाळण्यावर पैसे घाला. बागायतीत काम करणारी माणसं गमबूट घालतात तेही बरोबरच आहे: पोफळींच्या पाटात उभं राहायला त्याच्यासारखं काही नाही. पण डोंगर चढायला तो जड, सैल आणि टाचेला घसरणारा.

वॉटरप्रूफ बूट उपयोगी पडतो तो दसऱ्यानंतर. चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर पहाटेचं दव, ओलं गवत, उथळ ओहोळ, आणि गार, कोरडी हवा. तिथे पडदा आपलं काम चोख करतो. हिमालयात बर्फासाठी तर तो हवाच. काजूच्या मोसमात उंच बुटाचा आणखी एक फायदा आहे, पाण्याशी संबंध नसलेला. सत्तरीत २०१५ मध्ये पाली गावात माकडतापाचे रुग्ण सापडले. तो गोचिडीतून पसरतो, आणि सुक्या पानांतून चालताना गोचीड घोट्यापासूनच चढते. त्या महिन्यांत पँट मोज्यात खोचा, पावसाच्या अगदी उलट.

दुकानात जाताना संध्याकाळी जा, पाय दिवसभरात सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून जा. बूट नाडी न बांधता पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे. नाडी बांधून उतरंडीवर उभं राहिलं तर बोटं पुढे आपटता कामा नयेत, आणि चढावर टाच उचलली जाऊ नये. पडद्याचे बूट साध्या बुटांसारखे पुढे फारसे सैल होत नाहीत, "वापरून सैल होईल" या भरवशावर घेऊ नका. जीभ दोन्ही बाजूंनी किती उंच शिवलीय ते बोट घालून बघा, तुमच्या बुटाची खरी पाणरेषा तीच.

तळ उलटा करून बघायला विसरू नका. चिखलासाठी चार-पाच मिलिमीटर खोल, एकमेकांपासून लांब असलेल्या खाचा हव्यात, दाट बारीक खाचांत आपली चिकण तांबडी माती भरून बसते आणि तळ सपाट होतो. रबर नखाने दाबलं तर किंचित दबलं पाहिजे, काचेसारखं कडक रबर ओल्या दगडावर सुटतं. पण श्रावणातल्या जांभ्यावर जी हिरवी बुळबुळीत शेवाळ चढते तिच्यावर कोणतंही रबर भरवशाचं नाही. तिथे पाऊल आडवं टाका, काठी पुढे रोवा, आणि शेवाळ नसलेला खडबडीत भाग किंवा मुळांच्या मागची माती शोधून तिथेच वजन द्या.